राजवाड्यातली ६० सेकंदं

मसाल्याच्या जाहिरातीसाठी तुमच्याकडे एकूण १ कोटी आहेत. त्यातले ७० लाख राजस्थानातल्या राजवाड्यात नटीला घेऊन ६० सेकंदांची फिल्म काढण्यात जाणार, आणि एजन्सी सांगतेय, ‘भव्य दिसलं की माल आपोआप उठतो.’ हे वाक्य फार ओळखीचं आहे, म्हणून लिहायला बसलो.

माल उठतो कधीकधी, पण नुसत्या फिल्मच्या जोरावर नाही. पाळीव प्राण्यांचं खाणं-सामान ऑनलाइन विकणाऱ्या पेट्स डॉट कॉमने जानेवारी २००० मध्ये अमेरिकेत सुपर बोलच्या (तिथल्या फुटबॉलच्या अंतिम) सामन्यात सुमारे १२ लाख डॉलरची जाहिरात केली. त्यातला मोज्याचा बोलका कुत्रा लोकांनी डोक्यावर घेतला. पण माल पडत्या भावात विकून जड पोती घरपोच द्यायची, म्हणजे धंद्यातच तोटा. नोव्हेंबरात कंपनी गुंडाळली. उलट आपल्याकडे निरमाची जाहिरात साधी, पण भाव सर्फपेक्षा कितीतरी खाली आणि पुडा गल्लीतल्या दुकानात हजर.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: फक्त ६० सेकंदांचीच फिल्म आखणं. टीव्हीचा दर १० सेकंदांवर असतो. हिशोबापुरते ५,००० रुपये धरा (चॅनेल आणि वेळ बदलली की दर कुठच्या कुठे जातो). उरलेल्या ३० लाखांत ६० सेकंदांची फिल्म १०० वेळा दिसेल, २० सेकंदांची ३०० वेळा. १८ टक्के जीएसटी वेगळा. त्याचं क्रेडिट मिळतं (तुम्ही भरायच्या जीएसटीतून तो वळता होतो), पण रोकड आधी जाते. मग पैसे संपत आले की एजन्सीला सुचतं, ‘कापून १० ची करू!’ कापायला बसलं की दिसतं, ५२ सेकंदं घोडे, झुंबरं, ओढणी. पाकीट शेवटी, तेही नटीच्या हातात तिरकं. १० सेकंदांत घोडा तरी राहतो नाहीतर मसाला तरी. हे शूटआधी सांगायला एजन्सीला काय झालं होतं, देव जाणे.

म्हणून सही करण्याआधी १० सेकंदांचा स्वतंत्र स्टोरीबोर्ड (दृश्यं क्रमाने काढलेला चित्र-आराखडा) मागा; पाकीट पहिल्या ३ सेकंदांत दिसलंच पाहिजे. पॅकशॉटला, म्हणजे पाकिटाच्या जवळून घेतलेल्या दृश्याला, वेगळा अर्धा दिवस ठेवा. रात्री सगळे दमल्यावर उरकला, तर चकचकीत पाकिटावर लाइटचा पांढरा पट्टा पडतो आणि नेमकं नावच झाकतो.

नटीच्या करारातलं वर्ष सहीच्या तारखेपासून नको, पहिल्या प्रक्षेपणापासून मोजा. नाहीतर फिल्म तयार होईपर्यंत तीन-चार महिने फुकट जातात. (मी वकील नाही, करार जाणकाराला दाखवा.)

टीव्हीवरची वेळ (स्लॉट) बुक करण्याआधी बाजारातली ५० दुकानं स्वतः फिरा. ३० दुकानांत पाकीट नसेल तर थांबा. गिऱ्हाईक एकदा विचारतं, मग शेजारचा मसाला घेतं. हे माझं मत, एजन्सीवाले भांडतील.

आणि हो, अक्षरं नसलेली क्लीन कॉपी आणि संगीताचा वेगळा ट्रॅक कोटेशनमध्येच लिहून घ्या. पुढे कन्नडमध्ये डब करताना मागितलात तर त्याचं वेगळं बिल येतं.