कार्तिकेयनने नक्की मिळवलं तरी काय?

सर, आमच्या ग्रुपवर परवा जाम वाजलं. मित्र म्हणतो नारायण कार्तिकेयन पैसे भरून फॉर्म्युला वनमध्ये गेला, ४६ रेस चालवल्या आणि पॉइंट किती तर ५, ते पण सहाच गाड्या पळाल्या त्या रेसमध्ये. मग पद्मश्री कशाला? खरं काय ते सांगा, इज्जतीचा प्रश्न आहे. (सांगली)

मित्राचे आकडे बरोबर आहेत, आधी ते कबूल करून टाका. ४६ शर्यती, ५ पॉइंट आणि सहा गाड्या, सगळं खरं. पण ती रेस मी जागून बघितलीये त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

१९ जून २००५, इंडियानापोलिस. शुक्रवारी सरावात राल्फ शूमाकरची टोयोटा तेराव्या टर्नला भिंतीत गेली. तो टर्न उताराचा, म्हणजे रस्ताच एका बाजूला कललेला, गाडी पूर्ण वेगात आणि सगळा भार डाव्या मागच्या टायरवर. मिशेलिनने तपासलं आणि सरळ सांगितलं की आमचे टायर इथे पूर्ण रेस टिकतील याची खात्री देता येत नाही. दोन दिवस मीटिंगा झाल्या, तिथे शिकेन (वेग कमी करायला टाकलेली वळणं) टाकू का, वेग कमी करू का, कशावर एकमत नाही. रविवारी वीसच्या वीस गाड्या फॉर्मेशन लॅपला (रेसआधीच्या हळू फेरीला) निघाल्या, आपण टीव्हीसमोर मांडी घालून बसलोय, आणि लॅप संपता संपता मिशेलिनवाल्या चौदा गाड्या एकामागोमाग एक पिटमध्ये वळल्या आणि गॅरेजात जाऊन बसल्या. ग्रिडवर उरल्या ब्रिजस्टोनवाल्या सहा. दोन फेरारी, दोन जॉर्डन (त्यातली एक कार्तिकेयनची), दोन मिनार्डी. मधल्या रांगा रिकाम्या, लग्नात मुलाकडची मंडळी जेवायच्या आधीच निघून जावीत तसं दृश्य. प्रेक्षक बोंबलत होते, ट्रॅकवर बाटल्या फेकत होते.

आता यात कार्तिकेयनने काय करायचं होतं? तो पण गॅरेजात जाऊन बसला असता तर मित्राने त्याला शाबासकी दिली असती का? त्याने गाडी शेवटपर्यंत नेली आणि चौथा आला. माझी खरी तक्रार वेगळीच आहे. त्या दिवशी जॉर्डनमधला त्याचा जोडीदार तियागो मोंतेरो त्याच्या पुढे राहिला, तिसरा आला, आणि पोडियमवर जल्लोष करणारा तो एकटाच, फेरारीवाले दोघं मान खाली घालून उभे. ती जागा आपल्याला मिळायला हवी होती. वीस वर्षं झाली, अजून खुपतं.

राहिला पैशाचा मुद्दा. हो, टाटाचा पाठिंबा होता आणि त्याशिवाय सीट मिळाली नसती. पण हे उलटं पण बघा. त्याला २००४ साठी मिनार्डीची ऑफर आली होती आणि स्पॉन्सरचे पैसे न जमल्यामुळे ती गेली! मागच्या रांगेतल्या टीमा अशाच चालायच्या, ड्रायव्हरने टॅलेंट पण आणायचं आणि चेक पण. नुसता चेक असला की भागत नाही, आधी गाडी चालवता येते हे कुठेतरी दाखवावं लागतं, ते त्याने दाखवलं होतं. १९९४ ला ब्रिटनमध्ये फॉर्म्युला फोर्डची विंटर सिरीज जिंकला, १९९६ ला फॉर्म्युला एशियाचा चॅम्पियन झाला, मग ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मध्ये शर्यती मारल्या, २००१ ला सिल्व्हरस्टोनला जॅग्वारची एफवन गाडी चालवली, तोवर कुठल्याच भारतीयाने एफवन गाडी चालवली नव्हती. आणि हे सगळं त्या काळात जेव्हा आपल्याकडे सिंगल सीटर म्हणजे मारुती ८०० चं इंजिन बसवलेली फॉर्म्युला मारुती. ती गाडी बनवली कोईमतूरच्या करिवर्धन यांनी, कार्तिकेयनच्या नात्यातले. वडील स्वतः रॅली चालवणारे, साउथ इंडिया रॅली सात वेळा जिंकलेले. म्हणजे घरात वातावरण होतं, पण घरातलं वातावरण आणि मेलबर्नचं ग्रिड यात अंतर केवढं!

ग्रुपवर एवढंच टाका की २००५ च्या आधी एफवनमध्ये रेस केलेले भारतीय किती? शून्य.

दादा, २००५ ला जॉर्डन आणि एकदम २०११ ला एचआरटी. मधली सहा वर्षं हा माणूस घरी बसला होता का? (ठाणे)

घरी बसला असता तर २०११ ला कुणी ओळखलं पण नसतं. ड्रायव्हरचं करिअर आपल्याला टीव्हीवर दिसतं तेवढंच असं आपण धरून चालतो, आणि घोळ तिथेच होतो. एफवन हा त्याच्या करिअरचा लहान तुकडा आहे, बाकी सगळा वेळ पुढच्या वर्षी कुठे चालवायचं हे शोधण्यात जातो. रणजीवाल्याला निदान माहीत असतं की पुढच्या सीझनला रणजी आहेच, इथे तेवढी पण शाश्वती नाही.

जॉर्डन विकली गेली, २००६ ला ती मिडलँड झाली, त्यात याला जागा नव्हती. मग विल्यम्समध्ये टेस्ट ड्रायव्हर, दोन वर्षं. टेस्ट ड्रायव्हर म्हणजे घरातला धाकटा, काम सगळं करायचं आणि लग्नाच्या फोटोत कडेला उभं राहायचं. त्याच काळात ए वन जीपी नावाची देशांची सिरीज होती, तिथे टीम इंडियाची गाडी घेऊन त्याने डिसेंबर २००७ ला चीनमध्ये झुहाईला आणि मे २००८ ला इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅचला रेस जिंकली. तिथे सगळ्यांच्या गाड्या सारख्या होत्या, हे मित्रमंडळींना सांगायला विसरू नका.

२००९ ला ल मान्सची २४ तासांची शर्यत, गाडी ऑडी. रेस सुरू व्हायच्या थोडं आधी पिटच्या भिंतीवरून उडी मारताना पडला आणि खांदा निखळला. झालं, जोडीदारांनी गाडी चालवली, हा बाहेर. वर्षभराची तयारी एका उडीत गेली.

२०१० ला अमेरिकेत नॅस्कारच्या ट्रक सिरीजमध्ये गेला, आणि त्या सीझनचा तिथला सर्वात लोकप्रिय ड्रायव्हर कोण निवडला गेला असेल? हाच! निवड चाहत्यांच्या मतांवर होती आणि मतदान ऑनलाइन, पुढचं तुम्ही समजून घ्या. आपण क्रिकेटपटूंना पण इतकं मनापासून मत देत नसू.

आणि आता २०११. एचआरटी म्हणजे ग्रिडवरची सगळ्यात गरीब टीम, मेलबर्नला तर दोन्ही गाड्या १०७ टक्क्यांच्या नियमात (पात्रता फेरीत सगळ्यात वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत यावं लागतं) बसल्या नाहीत म्हणून रेसलाच उतरता आलं नाही. व्हॅलेन्सियाला चोवीसच्या चोवीस गाड्या शेवटपर्यंत पोचल्या आणि हा चोविसावा. पुढच्याच रेसपासून त्याची सीट डॅनियल रिकार्डो नावाच्या पोराला दिली, मागे रेड बुल उभं होतं. मग ३० ऑक्टोबरला ग्रेटर नोएडाला पहिली इंडियन ग्रां प्री, त्यासाठी एचआरटीने याला परत गाडीत बसवलं. निकालाच्या तक्त्यात वर व्हेटेल वगैरे, ते सोडा, खाली बघा. १७ वा कार्तिकेयन, १८ वा रिकार्डो. गाडी तीच, टीम तीच, आणि ज्याला याच्या जागी बसवलं तो एक नंबर मागे. रिकार्डोने पुढे आठ ग्रां प्री जिंकल्या. सतराव्या नंबरचं कुणी पेपरात हेडिंग करत नाही, मला मात्र त्याच्या सगळ्या एफवन शर्यतींत हीच जास्त आवडते, इंडियानापोलिसपेक्षाही.

ओपन व्हील ओपन व्हील म्हणतात ते नक्की काय? चाकं झाकली तर काय बिघडतं? (अकोला)

बिघडत काही नाही, पण मग ती दुसऱ्या प्रकारची गाडी होते. ओपन व्हील म्हणजे चाकांवर मडगार्ड नाही, चाकं बॉडीच्या बाहेर, माणूस एकटा मधोमध. फॉर्म्युला वन, फॉर्म्युला टू, इंडीकार, जपानची सुपर फॉर्म्युला, सगळ्या यात. आपल्या साध्या गाडीला दुसरी घासली तर दार चेपतं. इथे चाकाला चाक लागलं तर गाडी हवेत जाऊ शकते, आणि नुसता पुढचा पंख (विंग) कुणाच्या टायरला लागला तरी टायर फाटतो.

मलेशिया २०१२ आठवतं का कुणाला? पावसाची रेस. कार्तिकेयनने सुरुवातीलाच फुल वेट टायर लावले होते, मोठा पाऊस आला आणि रेस थांबवली तेव्हा एचआरटी दहाव्या नंबरवर, डोळे चोळून बघितलं मी. नंतर आधी जेन्सन बटन येऊन याला धडकला, मग व्हेटेल ओव्हरटेक करून आत आला आणि त्याचा मागचा टायर याच्या पंखाला लागून फुटला. व्हेटेल पॉइंटच्या बाहेर गेला, चिडला आणि याला काकडी म्हणाला. जर्मनमध्ये बावळट ड्रायव्हरला तसं म्हणतात म्हणे. स्टुअर्ड्सनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, दंड कार्तिकेयनला दिला. मला विचाराल तर व्हेटेलने पण एक हात जागा जास्त सोडायला हरकत नव्हती, पण चॅम्पियनपुढे शेवटच्या रांगेतल्याचं कोण ऐकतं?

बसून तर चालवायची आहे, यात कसला आलाय व्यायाम? (नाव छापू नये)

नाही छापत. तुम्ही एक करा, हेल्मेट घाला, आडवे पडा आणि डोकं गादीच्या कडेबाहेर काढून मान सरळ धरा, दोन मिनिटं. एफवनमध्ये टर्नला चार पाच जी लागतात, गुरुत्वाकर्षणाच्या चार पाच पट ओढ, म्हणजे हेल्मेटसकट सहा सात किलोचं डोकं तीस किलोसारखं बाजूला ओढलं जातं, प्रत्येक टर्नला, दीड तास. गरमीच्या रेसमध्ये घामाने दोन तीन किलो वजन उतरतं. मी एकदा साध्या भाड्याच्या कार्टमध्ये वीस मिनिटं चालवली, दुसऱ्या दिवशी बरगड्या इतक्या दुखत होत्या की शिंक आली तरी आई आठवत होती.

माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, कार्टिंगला नेलं तर चांगला वेळ काढतो असं तिथले लोक म्हणाले. पुढे काय करायचं? घरचे म्हणतात आधी दहावी होऊ दे. (नाशिक)

ताई, दहावीपर्यंत थांबलात तर उशीर होईल, बाहेरची पोरं सात आठ वर्षांपासून रेस करतात. आधी भाड्याची कार्ट सोडा आणि नॅशनल कार्टिंगच्या फेऱ्या बघायला जा, कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर झालेल्या आहेत. मुलापेक्षा तुम्ही जास्त बघा, पालक काय करतायत, टायरला किती खर्च, कोण कुणाशी बोलतंय.

उदाहरण मुंबईच्या जेहान दारूवालाचं घ्या. कार्टिंग केलं, २०११ मध्ये फोर्स इंडिया या एफवन टीमच्या शोधमोहिमेत निवडला गेला, मग लहान वयात युरोप, २०१९ ला एफ थ्री मध्ये (एफवनच्या खाली एफ टू, त्याखाली एफ थ्री) तिसरा, रेड बुलचा ज्युनियर झाला, डिसेंबर २०२० ला बहरीनला एफ टू ची रेस जिंकली, असं करणारा पहिला भारतीय. मॅकलारेनची जुनी गाडी टेस्टला मिळाली. एवढं करून एफवनची सीट? नाही. नंतर विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मध्ये गेला. घाबरवत नाहीये, पण तिथे जागाच वीस बावीस आणि त्या पण दरवर्षी रिकाम्या होत नाहीत.

एफवन चालवायला सुपर लायसन्स लागतं, त्याला तीन सीझनमध्ये ४० पॉइंट, वय १८ (आता काही जणांना १७ ला सूट मिळते), आणि गंमत म्हणजे आपलं साधं आरटीओवालं लायसन्स पण हवं. हे नियम आले मॅक्स व्हर्स्टापेनमुळे, तो २०१५ ला १७ व्या वर्षी एफवन चालवत होता आणि रस्त्यावर गाडी चालवायचं लायसन्स नव्हतं त्याच्याकडे.

खर्चाचं स्पष्टच सांगतो, एफ टू चा एक सीझन दोन आकडी कोटींत जातो. फ्लॅट विकून पण होत नाही, त्यामुळे कृपा करून विकू नका. मुलाला दोन वर्षं कार्टिंग मनापासून करू द्या, शाळा चालू ठेवा, आणि देशपातळीवर पहिल्या तीनात येतोय का बघा. येत असेल तर मला परत लिहा.

कार्तिकेयन आता काय करतो? (सोलापूर)

२०१४ ते २०१८ जपानच्या सुपर फॉर्म्युलामध्ये होता, शेवटची दोन वर्षं नाकाजिमांच्या टीमकडून, गाडीवर टीसीएसचं नाव. नोव्हेंबर २०१९ ला फुजीला जपानच्या सुपर जीटी आणि जर्मनीच्या डीटीएम या सिरीजवाल्यांच्या दोन एकत्र रेस झाल्या, त्यातली दुसरी होंडामधून जिंकला, वय ४२. २०२१ ला एशियन ल मान्स सिरीजमध्ये पण चालवली. मधे कोईमतूरला ड्राइव्हएक्स नावाचा धंदा काढला, सेकंडहँड टू व्हीलर घ्यायच्या, नीट करायच्या आणि विकायच्या. टीव्हीएसने २०२२ ला त्यात जवळपास अर्धा हिस्सा घेतला. जुनी अॅक्टिव्हा असेल दारात तर बघा विचारून.