कॅलिपर घरी रंगवायचे असतील तर डबा सर्वात शेवटी उघडा

तुमचा प्रश्न वाचला. सेकंड हँड ऑडी टीटी, आधीच्या पिढीची, ठाण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. अलॉय चाकांच्या आऱ्यांमधून गंजलेले कॅलिपर, म्हणजे ब्रेकच्या डिस्कवर पॅड दाबणारे भाग, दिसतात आणि गाडीकडे बघायला नको वाटतं. सायलेन्सरवर मारायचा ६५० डिग्रीचा लाल स्प्रे तुम्ही आणून ठेवला आहे. तो चालेल का आणि कॅलिपर उतरवावे लागतील का, हे तुम्हाला हवंय.

तो स्प्रे वापरू नका. डब्यावरचा आकडा खोटा नाही, पण तो रंग सिलिकॉनच्या जातीचा असतो आणि चांगला तापल्याशिवाय पक्का होत नाही. सायलेन्सर तेवढा तापतो, कॅलिपर तापत नाही. साधा हिशेब बघा. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० डिग्री आणि ओल शोषल्यावर किमान १५५ डिग्री धरलेला असतो. कॅलिपरची बॉडी सायलेन्सरइतकी तापली तर आतलं ऑइल उकळेल आणि पेडल सरळ खाली जाईल. म्हणजे रस्त्यावरच्या गाडीला ६५० डिग्रीची गरजच नाही, अडीचशे डिग्री सहन करणारा रंग पुरतो. खरी परीक्षा उष्णतेची नसून रसायनांची आहे. ब्रेक ऑइल रंग सोलून काढतं, ब्रेक क्लीनर त्याला मऊ करतो. न तापलेला सायलेन्सर स्प्रे पहिल्या सर्व्हिसिंगलाच फडक्याबरोबर निघून येईल. घरात पडलेला तेलरंगही नको. कॅलिपरसाठीच बनवलेला, हार्डनर मिसळून लावायचा दोन डब्यांचा रंग घ्या, आणि तोही ब्रशने लावायचा.

कॅलिपर पूर्ण उतरवायची गरज नाही. ब्रेकची लाइन तर अजिबात उघडू नका. एकदा बँजो बोल्ट, म्हणजे ब्रेकचा होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट, सैल झाला की हवा शिरते, नवे वॉशर लागतात, चारी चाकांचं ब्लीडिंग, म्हणजे ऑइलमधली हवा काढणं, आलं. कॅलिपर जागेवरच ठेवून काम नीट होतं. त्याच वेळी पॅड बदलणार असाल आणि कॅलिपर बाजूला घ्यावाच लागला, तर तो तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. होजवर लोंबकळू देऊ नका, होज आतून फाटला तर बाहेरून कळत नाही.

आता मुख्य काम, साफसफाई. रंगाला एक तास पुरतो, सफाईला अख्खा दिवस द्या. चाक निघालं की ब्रेक क्लीनर मारून धूळ आधी ओली करा आणि मग घासा. कोरड्या धुळीवर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ती फुप्फुसात जाते, मास्क हवाच. मग तारेचा ब्रश, कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश, शेवटी पॉलिश पेपर. एक लोहचुंबक जवळ ठेवा. तो चिकटला तर ते बीड (ओतीव लोखंड), म्हणजे सुटणारा गंज पूर्ण काढून उरलेल्या काळ्या डागांवर फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावायचं. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, तिथे गंजाऐवजी पांढरी भुकटी असते आणि तारेचा ब्रश हलक्या हाताने चालवावा लागतो. ठाणे-मुंबईच्या खाऱ्या हवेत बिडाच्या खळग्यांत गंज खोल बसलेला असतो. तो तसाच ठेवून वर रंग चढवला तर पावसाळा संपायच्या आत पोपडे धरतात.

शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, पांढऱ्या फडक्याने. फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. एनसी थिनर (रंगकामाचं जहाल थिनर) इथे आणू नका, पिस्टनचं आणि स्लाइड पिनचं, म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांचं, रबर त्याने फुगतं. सफाई झाल्यावर उघड्या बोटांनी हात लावू नका, हाताचं तेलही रंग धरू देत नाही.

रंग कुठे लागता कामा नये, हे तर जिवाशी खेळ नको म्हणून सांगतो. पॅड ज्या खाचेत सरकतात ती खाच, स्लाइड पिन, सगळी रबरं, पिस्टन, कॅलिपरचा ब्रॅकेट जिथे नकलला (चाक धरणाऱ्या सांध्याला) बोल्टने आवळला जातो ती बैठक, आणि चाक ज्यावर बसतं त्या हबचा तोंडावरचा सपाट भाग, हे सगळं कोरं राहिलं पाहिजे. पॅडच्या खाचेत रंगाचा एक थर बसला की पॅड अडकतो, डिस्कला घासत राहतो, आणि एकच चाक तापतंय हे बऱ्याच दिवसांनी वासावरून कळतं. बोल्टच्या बैठकीत रंग आला तर तो दबत जातो आणि टॉर्क, म्हणजे बोल्टची आवळणी, उतरतो. ब्लीड निपलची, म्हणजे हवा काढायच्या छोट्या तोटीची, टोपी घालून ठेवा, निपलचे कोनही मोकळे हवेत, नाहीतर पुढच्या वेळी पाना बसणार नाही. डिस्क कागद आणि मास्किंग टेपने पूर्ण झाका. मागच्या कॅलिपरवर हँडब्रेकच्या केबलचा दांडा आणि त्याची स्प्रिंग आहे, त्या सांध्याला ब्रश लावू नका, दांडा पूर्ण परत आलाच पाहिजे.

रंगाचे दोन हात पुरतात, फार तर तीन. पहिला हात पातळ, खालचं लोखंड डोकावलं तरी चालेल. जाड लावलात की खालच्या कडेला ओघळ येतो आणि तो तसाच वाळतो. दुसरा हात कधी द्यायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. ठाण्यात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी दव गेल्यावर सुरू करा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ताजा रंग ओल धरतो, चकाकी जाते.

लाल रंगाबद्दल माझं मत सांगतो. पोर्शमध्ये कॅलिपरच्या रंगाला अर्थ असतो, पिवळा म्हणजे सिरॅमिक डिस्क, हिरवा म्हणजे हायब्रिड. तुमच्या टीटीचे कॅलिपर एका पिस्टनचे सरकते आहेत. ते लाल केले तर छानच दिसतील, पण त्यावर मोठ्या ब्रेक कंपनीचं स्टिकर लावू नका. ब्रेक होते तेवढेच राहणार आहेत. मला विचाराल तर अशा गाडीला गडद राखाडी शोभतो आणि युरोपियन पॅडची काळी धूळही त्यावर कमी दिसते.

गाडी उचलताना बोल्ट आधी जमिनीवरच सैल करा, सिलखालच्या (दाराखालच्या पट्टीखालच्या) मजबूत खुणेलाच जॅक लावा, आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम करू नका. खाली स्टँड, जमिनीवर टेकलेल्या दुसऱ्या टोकाच्या चाकांना अडसर. चाक परत लावताना एक घोळ होतो. टीटीला हबवर कायम बसवलेले स्टड नाहीत, सुटे बोल्ट आहेत, त्यामुळे चाक अधांतरी धरून भोकं जुळवावी लागतात, आणि नेमकं तेव्हाच अलॉयची आतली कड ताज्या रंगाला टवका पाडते. एम १४ बाय १.५ आट्यांची गाइड पिन वरच्या भोकात फिरवून ठेवा, चाक तिच्यावर सरकवा, मग बाकीचे बोल्ट लावा. आवळणी १२० न्यूटन मीटर, टॉर्क रेंचने, समोरासमोरचे बोल्ट धरून. रंगाला एक रात्र तरी द्या. पहिल्यांदा निघण्याआधी उभ्या गाडीतच पेडल दोन-चारदा दाबून बघा, मग सोसायटीच्या आवारात हळू एक फेरी, आणि शंभरेक किलोमीटरनंतर बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासा.

हार्डनर मिसळलेला रंग काही तासांतच डब्यात घट्ट होतो. म्हणून एका दिवसात दोनच चाकं जमणार असतील तर निम्माच रंग मोजून मिसळा, उरलेला दोन्ही डब्यांत वेगळा राहू द्या.