नरनाळ्याच्या दरवाज्यावर सुलतानाचं नाव कशाला?

प्रश्न : मास्तर, दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन नरनाळा किल्ल्यावर गेलो होतो. महाकाली दरवाजा फतेहउल्ला इमादुल्मुल्कनं बांधला, असं एका जाणत्यानं सांगितलं. पण दरवाज्यावरच्या शिलालेखात नाव बिदरच्या बहमनी सुलतानाचंही आहे म्हणे. हा फतेहउल्ला पुढं सुलतानापासून वेगळा झाला ना? मग मालकाचं नाव कशाला कोरलं?
– एक कास्तकार, अकोट तालुका

उत्तर : तुमच्या गावातही ठोक्यानं वावर देणारे असतीलच. मालक अमरावतीला, सातबारा त्याच्या नावाचा. पण धुऱ्यावर उभा राहतो तो ठोकेवाला. बिदरच्या गादीचं वऱ्हाडात तेच झालं होतं. फतेहउल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातल्या कानडी हिंदू घरचा. लहानपणी लढाईत पकडून आणलेला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढलेला आणि पुढं स्वतःच सुभेदार झालेला.

असे सरदार डोईजड होणार, हे वजीर महमूद गवाननं ओळखलं होतं. त्यानं राज्याच्या चार तरफांच्या, म्हणजे सुभ्यांच्या, आठ केल्या. वऱ्हाडाचे दोन तुकडे पडले. गाविल फतेहउल्लाकडं राहिलं, माहूर खुदावंदखान हबशाकडं गेलं. काही गावं सरकारनं स्वतःकडं ठेवली. घोडेस्वार कागदावर जास्त आणि मैदानात कमी दिसले, की पैसे कापायचे. आणि खरी मेख पुढंच आहे : सुभेदाराच्या हाती एकच किल्ला. बाकीच्यांवर किल्लेदार थेट सुलतानाचे.

उपाय जालीम होता, पण करणाऱ्याचाच घात झाला. विरोधकांनी गवानच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं आणि ते सुलतानाच्या हाती पडेल अशी तजवीज केली. तिसऱ्या मुहम्मदशहानं शहानिशा न करता १४८१ मध्ये कोंडापल्लीच्या छावणीत म्हाताऱ्या वजिराचं डोकं उडवलं. मागून पत्र खोटं निघालं. पण तोवर फतेहउल्ला आणि खुदावंदखानानं आपले तळ लांब नेले होते. सुलतानाला मुजरा करायचा तो दुरूनच. जवळ गेलं तर आपलंही तेच होईल, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. (मी तरी जवळ गेलो नसतो.) वर्षभरात सुलतान गेला आणि बारा वर्षांचा महमूदशहा गादीवर बसला.

तुम्ही पाहिलेला दरवाजा याच पोराच्या राजवटीतला, १४८७ चा. त्याचं नाव कोरायला फतेहउल्लाचं काय जात होतं? उलट फायदाच. सुभेदारी त्याच नावावर होती. ते खोडलं तर शेजारचा सरदार त्याला मोडायला मोकळा.

एवढं मात्र बघा. नरनाळ्याचा दरवाजा १४८७ चा, आणि १४८८ मध्ये हाच फतेहउल्ला चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाची डागडुजी करतोय. एकाच किल्ल्याची परवानगी असलेला माणूस दोन गडांवर गवंडी लावून बसला होता, आणि बिदरहून विचारायला कोणी आलं नाही. १४९० मध्ये अचलपुरात तो उघडपणे स्वतंत्र झाला.