पहिल्यांदा ‘डेड्रीम नेशन’ ऐकताना

भाऊ, सोनिक यूथ या अमेरिकन रॉक बँडपासून सुरुवात करतोयस, छान. पण हा अल्बम मे महिन्यातल्या दुपारी कूलर लावून ऐकू नकोस. कूलरची घरघर गिटारचे बारीक सूर गिळून टाकते आणि उरतो नुसता कल्ला. मी तसाच ऐकला आणि अर्ध्यात सोडला होता. मग एकदा पहाटे अंबाझरी तलावाच्या काठावर हेडफोन लावून बसलो, तेव्हा कुठे तो उलगडला.

1988 चा डबल अल्बम आहे, सुमारे 70 मिनिटांचा. एका बैठकीत संपवायची घाई नको.

तू गिटार शिकतोयस म्हणून सांगतो: बँडचे गिटारवादक थर्स्टन मूर आणि ली रानाल्डो तारा नेहमीच्या सुरांत लावतच नसत, कधी तारांखाली स्क्रूड्रायव्हरही अडकवत. त्यामुळे तुझे साधे कॉर्ड जुळले नाहीत तर कानाला दोष देऊ नकोस. दुसरी तार सैल करून तिसरीच्या सुराला आण (तिसरी ताणू नकोस, तुटेल), मग किंचित आणखी उतरव. दोन्ही एकत्र छेडल्यावर जी थरथर उठते ना, तिची या बँडला फार ओढ होती. मला तर तीच सगळ्यात सुंदर वाटते.

आणि मधेच हरवलास, तर स्टीव्ह शेलीचे ड्रम्स धरून चाल.