वाचकांचे प्रश्न : आडनाव विचारलं की

प्रश्न : सिडकोत खोली बघायला गेलो, मालकाने आडनाव ऐकलं आणि लगेच म्हणाला खोली कालच गेली, पण बाहेर 'भाड्याने देणे' पाटी तशीच लटकलेली. निवडणूक आली की सगळे संविधान संविधान करतात, ते आम्हाला काय कामाचं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : भाऊ, राग बरोबर आहे तुमचा. तुम्ही राहता तिथलंच काळाराम मंदिर, 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी तिथे सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला, पाचेक वर्षं झुंजून पण दार काही उघडलं नाही. पुढे 1950 मध्ये संविधानाचं कलम 17 आलं, अस्पृश्यता कुठल्याही रूपात बंद. बहुतेक मूलभूत हक्क सरकारविरुद्ध असतात, हे मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यालाही लागू, आणि 1955 चा कायदा अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा देतो. अडचण पुराव्याची, मालक तोंडाने जात काढतच नाही ना, पाटी तेवढी दिसते. म्हणून पाटीचा फोटो, कॉल रेकॉर्डिंग, बरोबरचा साक्षीदार हे जपा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, अनुसूचित जाती-जमातींना तिथे वकील मोफत मिळतो. आणि मत मागायला कोणी दारात आलं तर खोलीचंही विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो.