खाडीचं पाणी पहाटे बघ

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे तक्ते पाहिले. ठाणे खाडीत वरच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन भरपूर आहे, म्हणून ‘प्रकृती समाधानकारक’ असा शेरा मारून मोकळी झालीस. पण सगळे नमुने दुपारचे! भर उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, आकडा फुगणारच. रात्री तेच शेवाळ आणि तळाचे जिवाणू तो संपवतात. नीचांक उजाडायच्या सुमाराला येतो. तेव्हा पहाटे जा आणि तळाजवळचं पाणी घे. अष्टमीच्या आसपास, भांगाची भरती असताना. पाण्याला जोर नसतो, नाल्यांनी आणलेलं आतच रेंगाळतं. होडीचं वाशीगावातल्या कोळ्यांना विचार. ओढ कुठे मंदावते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

बाटली भरताना नळी तळाला टेकव, पाणी वरून वाहू दे, बुडबुडा राहता कामा नये. मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातल्यावर साका (तळाला बसणारा गाळ) तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाहीच. (मीटर आहे तुझ्याकडे, माहीत आहे. तरी तो पांढरा साका एकदा बघच.) सांडपाण्यात नायट्राइट असतं, ते आकडा चुकवतं; त्यावर उतारा म्हणून ॲझाइड घालायला विसरू नकोस. लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या खाली मासे पळ काढतात. तिसऱ्या-कालवं, ही शिंपल्यातली जनावरं, कुठे पळणार?

प्रस्तावनेत अमेरिकेतली मिसिसिपी नदी आणलीस. ती मिळते त्या मेक्सिकोच्या आखातात 2017 साली 22 हजार चौरस किलोमीटरहून मोठा पट्टा असा गुदमरला, हे खरं; पण तिथलं मुख्य कारण शेतातलं खत. आपल्याकडे मुख्यतः घरांतलं मैलापाणी. सगळं खापर कारखान्यांवर फोडू नकोस. प्रक्रिया केंद्र आहे म्हणजे झालं, असंही नाही: साध्या प्रक्रियेत बीओडी (घाण कुजताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) उतरतो, पण शेवाळाला पोसणारे नायट्रोजन-फॉस्फरस काढायला वेगळी सोय लागते. प्रत्येक केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचं नायट्रेट आणि फॉस्फेट मोज.

आणि ‘रोहित पक्षी येतात, म्हणजे पाणी स्वच्छ’ हे वाक्य आधी खोड. 2015 मध्ये खाडीत अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला, आनंदच आहे. पण लहान रोहित निळं-हिरवं शेवाळ खातो, आणि ते आपल्याच सांडपाण्यावर पोसतं. पाहुण्यांच्या पंगतीचा खर्च आपल्या मोऱ्या करतात म्हण ना!

पहाटेचे आकडे आले की पाठव. निष्कर्षाचं पान तोवर कोरं राहू दे.

तुझा,
काका