सहावी ते आठवीच्या वर्गात रोज काय चालतं? उपक्रम घेतले तर अभ्यासक्रम पुरा होतो का?

जळगाव-धुळ्याकडच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवायला तुमची निवड झाली आहे आणि या वर्गांत रोज काय चालतं, उपक्रम घेत बसलं तर पुस्तक पुरं होतं का, असं तुम्ही विचारलंय. मी अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत हेच विषय शिकवतो. उपक्रमासाठी म्हणून वेगळा वेळ काढायला जाल तर तो कधीच मिळणार नाही. धडाच मोजमापातून घेतला की मिळतो.

परिपाठ, हजेरी, तासिका, खिचडी, पुन्हा तासिका, शनिवारी सकाळची शाळा आणि कवायत, हे तुम्ही स्वतः शिकताना पाहिलेलंच आहे. त्यातल्या खिचडीकडे मात्र गणिताच्या नजरेनं बघा. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे धान्य १०० ग्रॅम, डाळ २०, भाजी ५० आणि तेल ५ ग्रॅम असतं. सहावी ते आठवीला तेच १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम. सहावीला गुणोत्तर शिकवताना हे आकडे फळ्यावर मांडा आणि गप्प उभे राहा. थोड्या वेळात कुणीतरी ओरडतंच, 'सर, सगळीकडे २ ला ३ येतंय!' मग त्या दिवशीची हजेरी द्या आणि तांदूळ, डाळ, तेल किती लागेल ते काढायला सांगा. मावशी तांदूळ मोजायला बसल्या की उत्तर पडताळायला मुलंच तिकडे पळतात. दशांश अपूर्णांकाचा गुणाकार तेलाच्या त्या साडेसात ग्रॅमवर जितका पक्का होतो, तितका स्वाध्यायातल्या दहा उदाहरणांनी होत नाही.

दिवाळीच्या आगेमागे वर्ग ओस पडू लागतो, कारण कापूस फुटलेला असतो. हजेरीला 'सर, ती वावरमा जायेल शे', म्हणजे ती शेतात गेली आहे, हे उत्तर रोजचं होतं. त्या मुलांना परत आल्यावर वर्गासमोर बोलू नका, घरची नड असते. त्यांच्याशेजारी एक जोडीदार बसवा आणि त्यांना जे येतं तिथून धडा सुरू करा.

सातवीत शेकडेवारी चालू होती. वेचणीवरून परतलेली एक मुलगी म्हणाली की सकाळी दवातला कापूस काट्यावर जड भरतो. मी म्हटलं, किती जड? दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी दवातला कापूस आणला. आम्ही २०० ग्रॅम मोजून घेतला, ओट्यावर उन्हात पसरला आणि शेवटच्या तासाला पुन्हा काट्यावर ठेवला. १८६ ग्रॅम भरला. म्हणजे १४ ग्रॅम उडाले. आता टक्के काढायचे, तर भागायचं २०० नं की १८६ नं? यावरून वर्गाचे दोन तट पडले. एका बाजूचं उत्तर ७ टक्के, दुसऱ्या बाजूचं साडेसात. मी निकाल दिला नाही, 'तुम्ही कशाचे टक्के काढताय?' एवढंच विचारत राहिलो. घट मोजायची तर मूळ वजनानं भागायचं, हे त्याच मुलीनं फळ्यावर येऊन समजावलं. पाया बदलला की टक्के बदलतात, हे त्या वर्गाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

तिथून गोष्ट थेट बाजारात गेली. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, पुढे १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या प्रमाणात भाव कापतात आणि त्यावरचा माल घेत नाहीत. क्विंटलमागे किती रुपये जातील हे मुलांनी घरचे आकडे घालून काढलं. एक काळजी घ्या. एका दिवसाच्या उन्हात सगळा ओलावा जात नाही, त्यामुळे आपला ७ टक्क्यांचा आकडा आणि केंद्रावरच्या मीटरचा आकडा एक नव्हे, हे मुलांना सांगायलाच हवं.

आठवीसाठी सावलीचा प्रयोग जरूर घ्या. मैदानात एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी करा आणि पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला फक्कीची खूण करा. बाराला सावली सगळ्यात आखूड होईल असंच सगळ्यांना वाटतं, पण ती साडेबाराच्या सुमारास होते. शाळेचं घड्याळ पुढे आहे असं मुलं ठासून सांगतात. मग नकाशा उघडायचा. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची, अमळनेर साधारण ७५ अंशावर. साडेसात अंशांचा फरक, अंशाला ४ मिनिटं, झाली ३० मिनिटं. वर्षभरात यात दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे होतं, म्हणून तारीख वहीत लिहायला लावा. २२ डिसेंबरच्या आसपास तर आपल्याकडे मध्यान्हीची सावली ९८ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ काठीएवढीच भरते. त्या दिवसांत कडुनिंबाची, झेंड्याच्या खांबाची उंची मुलं नुसत्या टेपनं सावली मोजून सांगतात.

निरीक्षणं लिहून घेण्याचा मात्र आग्रह धरा. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं दैनिक लिहून काढायचे. त्याच वाटेनं आमच्या वर्गात भिंतीवर एक कागद असतो. प्रयोगाची बातमी मुलं आधी अहिराणीत सांगतात, मग सगळे मिळून ती पुस्तकी मराठीत उतरवतात. मराठीच्या बाईंनाही त्याचा उपयोग होतो.

आता पुस्तक पुरं होण्याचं. सगळंच मैदानात नेऊ नका. आठवीची विस्तार सूत्रं, बैजिक राशींचे अवयव हे खडू-फळा आणि भरपूर सराव यांवरच बसतं, तिथे ओढूनताणून उपक्रम लावला तर तास वाया जातो. शेकडेवारी, गुणोत्तर, क्षेत्रफळ, मापन या धड्यांना पहिले दोन-तीन तास जास्त लागतात, पण नंतरची उदाहरणं मुलं झपाझप सोडवतात आणि घटक चाचणीपर्यंत हिशेब बरोबर जुळतो.

रुजू होताना लांब टेप, ओळंबा आणि एक साधा इलेक्ट्रॉनिक काटा स्वतःजवळ ठेवा. कोणत्या महिन्यात रुजू होताय आणि कोणता वर्ग मिळालाय ते कळवा, म्हणजे पहिल्या आठवड्यात काय घेता येईल ते नेमकं लिहितो.